पुस्तकं जाळणारे बंब सगळ्यात शेवटी आले

कट्टेकरी

'फॅरनहाइट ४५१'चं नाव काढलं की सगळ्यांना एकच आठवतं: सरकार पुस्तकं जाळतं. न वाचलेल्यांनाही एवढं ठाऊक असतं. मला ही आठवण अर्धवट वाटते, म्हणून हा धागा काढतोय.

रे ब्रॅडबरीची ही कादंबरी १९५३ सालची. घरं अग्निरोधक झाल्यामुळे फायरमन मंडळींना विझवायला काही उरलेलं नाही. म्हणून आता ते आग लावतात. कुणाकडे पुस्तकं आहेत अशी चुगली आली की बंब घेऊन जायचं, रॉकेल ओतायचं आणि पेटवून द्यायचं. गाय माँटॅग हा त्यांच्यातलाच एक. एका म्हाताऱ्या बाईने पुस्तकांसोबत स्वतःलाही जाळून घेतल्यावर त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. दुसऱ्या दिवशी तो आजारपणाची सबब सांगून घरी राहतो. तेव्हा त्याचा साहेब, कॅप्टन बीटी, घरी येऊन खुर्चीत बसतो, पाइप पेटवतो आणि या नोकरीचा इतिहास सांगायला लागतो.

तो इतिहास असा. आधी फोटो आले, मग सिनेमा, रेडिओ, टीव्ही. माणसं वाढली, घाई वाढली, आणि सगळ्यांना झेपेल इतकं सगळं पातळ करावं लागलं. मोठमोठे ग्रंथ पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवले, मग दोन मिनिटांत वाचून होईल अशा रकान्यात, शेवटी कोशातल्या दहा-बारा ओळींत. 'हॅम्लेट' माहीत आहे म्हणणाऱ्याने वाचलेला असतो एक पानभर सारांश. त्यात पुन्हा कुत्री पाळणारे नाराज व्हायला नकोत, मांजरं पाळणारे नकोत, डॉक्टर नकोत, वकील नकोत, अमक्या पंथाचे नकोत. असं करत करत छापण्यासारखं फारसं राहिलंच नाही. आणि यातलं काहीही वरून फर्मान निघून झालेलं नाही, असं बीटी ठासून सांगतो. बंब आले ते सगळं उरकल्यावर.

आता माँटॅगच्या बायकोकडे, मिल्ड्रेडकडे बघा. तिच्या दिवाणखान्याच्या तीन भिंती म्हणजे भिंतभर टीव्ही. टपालाने तिला नाटकाची संहिता आलेली आहे, त्यात एका पात्राची वाक्यं मुद्दाम गाळलेली. ते पात्र तिने करायचं. ठरल्या क्षणी तिन्ही भिंतींवरची माणसं वळून तिच्याकडे बघतात आणि तुला कसं वाटतं म्हणून विचारतात. ती म्हणते, छानच आहे की. नाटक पुढे सरकतं, पुन्हा विचारतात, ती पुन्हा होकार भरते. नाटकात काय चाललंय असं नवऱ्याने विचारलं तर तिला धड सांगता येत नाही. शंभर डॉलरचं एक यंत्रही बसवून घेतलंय. निवेदक लाखो लोकांशी बोलत असतो, पण प्रत्येक घरात त्या त्या घराचं नाव त्याच्या तोंडून निघतं, ओठसुद्धा तसेच हलतात. आणि बाईसाहेबांना आता चौथी भिंत हवी आहे. किंमत दोन हजार डॉलर, म्हणजे नवऱ्याचा वर्षाचा एक तृतीयांश पगार.

हे १९५३ साली लिहिलंय, जेव्हा घरातला टीव्ही म्हणजे लाकडी खोक्यात बसवलेली लहानशी काच होती.

माझं म्हणणं एवढंच: या जातीच्या, म्हणजे भयाण भविष्य रंगवणाऱ्या कादंबऱ्या वाचताना घटनांचा क्रम बघावा. आधी काय सुटलं आणि मग काय लादलं गेलं? मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असं दिसतं की लोकांनी आपणहून सोडलं, यंत्राने त्याची सोय करून दिली, आणि पोलीस मागाहून आले. पटतंय का? नसेल तर भांडा.

सायली_के

ते नाव घेणारं यंत्र वाचून हसायला आलं. मला रोज सकाळी 'सायली, खास तुझ्यासाठी' असे चार-पाच मेसेज येतात, त्यातला एक चप्पलवाल्याचा असतो. फरक इतकाच की मिल्ड्रेडने पदरचे शंभर डॉलर मोजले होते, आपल्याला फुकट मिळतं.

क्लॅरिसबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत? ती शेजारची मुलगी. गाड्या इतक्या सुसाट जातात की वीस फुटांच्या जाहिराती दोनशे फूट लांब कराव्या लागल्या, नाहीतर वाचताच येत नाहीत, हे तीच सांगते ना? तिच्या काकाला ताशी चाळीस मैलांच्या वेगाने गाडी चालवली म्हणून दोन दिवस आत टाकलं होतं. कमी वेगाने! मला अख्ख्या पुस्तकात ते पान सगळ्यात जास्त आवडतं.

नोंदवही

कट्टेकरी, तुमच्या मुद्द्याला खुद्द या पुस्तकाचंच उदाहरण आहे, ते कसं सुटलं?

प्रकाशक बॅलंटाइनने १९६७ पासून शाळांसाठी एक वेगळी आवृत्ती काढली. त्यात 'हेल', 'डॅम' असले शब्द उडवले, गर्भपाताचा उल्लेख काढला. दारू प्यायलेल्या माणसाला आजारी माणूस केलं. एका ठिकाणी बेंबीतला मळ काढायचा उल्लेख आहे, तिथे कान साफ करायला लावले. अशा पंचाहत्तरच्या आसपास जागा. मुखपृष्ठावर कुठे सांगितलेलं नाही की हे पुस्तक कापलेलं आहे. काही वर्षं दोन्ही आवृत्त्या चालल्या. पुढे १९७३ ते १९७९ बाजारात फक्त कापलेली आवृत्ती मिळत होती, आणि लेखकाला पत्ता नाही! १९७९ मध्ये विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं, त्यांनी ब्रॅडबरीला कळवलं, मग त्याने प्रकाशकाकडून मूळ मजकूर परत आणवला आणि पुस्तकाच्या शेवटी एक चांगलंच खरमरीत टिपण जोडलं.

कुठल्या मंत्र्याने सांगितलं होतं? कुणीच नाही. शाळांत खपलं पाहिजे, पालकांची पत्रं यायला नकोत, एवढ्यावर काम झालं. पुस्तकांच्या काटछाटीवरचंच पुस्तक कापताना कापणाऱ्याला काही वाटलं असेल का, हे मात्र मला राहून राहून जाणून घ्यावंसं वाटतं. का त्याने वाचलंच नव्हतं, नुसते शब्द शोधले?

झेंडू_बाम

मालक, हे 'लोकांनीच केलं' प्रकरण मला झेपत नाही. फार सोयीचं आहे ते. ज्याच्या हातात दंडुका त्याला मोकळं सोडायचं आणि टीव्ही बघणाऱ्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं.

या सगळ्या कादंबऱ्यांचा बाप म्हणजे रशियन लेखक झामियातिनची 'वी' (म्हणजे 'आम्ही'), १९२०-२१ मध्ये लिहिलेली. शहर काचेचं, घरं काचेची. माणसांना नावं नाहीत, क्रमांक. नायक डी-५०३. सगळ्यांनी एकाच मिनिटाला उठायचं, एकाच मिनिटाला घास तोंडात घालायचा आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा. पडदे ओढायला परवानगी फक्त ठरलेल्या तासाला, त्यासाठी गुलाबी चिठ्ठी लागते. आणि शेवटी सरकार लोकांच्या डोक्यातली कल्पनाशक्तीच शस्त्रक्रियेने काढून टाकतं. डी-५०३ला धरून नेऊन टेबलावर बांधतात. तो रांगेत आपणहून उभा राहिला नव्हता.

आणि पुस्तकाचं काय झालं ते बघा. लिहिलं रशियनमध्ये, पण सोव्हिएत सेन्सॉरने छापू दिलं नाही. पहिल्यांदा पुस्तकरूपात आलं ते १९२४ साली न्यूयॉर्कला, इंग्रजीत. १९२९ मध्ये लेखकावर मोठी मोहीमच उघडली गेली, त्याचं लिखाण कुठे छापून येईना. १९३१ साली त्याने थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली, आणि नवल म्हणजे ती मिळाली. १९३७ मध्ये पॅरिसमध्ये वारला. त्याच्या देशात ही कादंबरी छापली गेली १९८८ साली. सदुसष्ट वर्षं वाचकांनी 'आपणहून' वाट बघितली का?

मी १९७५ साली कॉलेजात होतो. आणीबाणीच्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली होती. वाचक कंटाळले म्हणून तोडली नव्हती. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत बोलल्या आणि पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. एवढं बोलायला तिथे बाकीचे किती तयार होते, हा वेगळा विषय.

कट्टेकरी

झेंडू_बाम काका, 'वी'बद्दल एक भर घालतो, ती माझ्याच बाजूची आहे म्हणून घालतो.

झामियातिन पेशाने जहाजबांधणीचा इंजिनिअर. १९१६-१७ मध्ये तो इंग्लंडात न्यूकासलला रशियासाठी बर्फ फोडणारी जहाजं बांधून घ्यायला गेला होता. तिथल्या वास्तव्यावर त्याने 'आयलँडर्स' नावाची एक लघुकादंबरी लिहिली. त्यात एक पाद्री आहे. त्याच्याकडे सगळ्याचं वेळापत्रक: जेवायचं कधी, पश्चात्ताप कधी, दानधर्म कधी, बायकोजवळ कधी जायचं तेसुद्धा. लोकांचा उद्धार सक्तीने केला पाहिजे, असं त्याचं मत. म्हणजे 'वी'मधलं ते भयानक वेळापत्रक आधी एका इंग्रज गावातल्या सभ्य, प्रतिष्ठित गृहस्थाच्या भिंतीवर लागलेलं होतं. क्रांतीचं सरकार नंतर आलं.

सेन्सॉरबद्दल तुमच्याशी वाद नाही. छापू दिलं नाही ते सरकारनेच. मी कादंबरीच्या आतल्या जगाबद्दल बोलतोय.

तिरकस

दोन दिवस नुसतं वाचत होतो, आता राहवत नाही.

कट्टेकरी, तुमचा सगळा डोलारा बीटीच्या भाषणावर उभा आहे. पण बीटी कोण? जाळणाऱ्यांचा मुख्य. तुमच्या-माझ्या घराला आग लावणारा अधिकारी चहाला येऊन सांगतो, 'अहो, आम्ही कुठे काय केलं, तुम्हालाच नको होती पुस्तकं,' आणि आपण मान डोलवायची?

आता बाकीची पुस्तकं काढा. हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये लोकांना सुखच हवं होतं, सत्य आणि सौंदर्याची त्यांना गरज नव्हती, हे कोण समजावतो? मुस्तफा माँड, जगाच्या दहा नियंत्रकांपैकी एक. ज्याच्या तिजोरीत बंदी घातलेली पुस्तकं आहेत तो. ऑर्वेलच्या '१९८४' कादंबरीत सत्तेचं तत्त्वज्ञान कोण सांगतो? ओब्रायन, सत्ताधारी पक्षाचा बडा अधिकारी, तोही नायक विन्स्टनला खाटेवर बांधून. सगळा खुलासा प्रत्येक वेळी साहेबाच्याच तोंडून येतो. त्याला वेळ असतो, खुर्ची असते, वाचन असतं. समोरचा आजारी असतो, नाहीतर बांधलेला. हे लेखकांनी मुद्दाम केलंय की त्यांना दुसरी युक्ती सुचली नाही ते माहीत नाही, पण साहेबाचं निवेदन म्हणजे पंचनामा नव्हे.

आणखी एक. फायरहाउसमधल्या नियमपुस्तिकेत या खात्याची स्थापना १७९० ची दिलेली आहे, वसाहतींमधली इंग्रजधार्जिणी पुस्तकं जाळण्यासाठी, आणि पहिला फायरमन बेंजामिन फ्रँकलिन! खऱ्या फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात आग विझवणाऱ्यांची कंपनी काढली होती. म्हणजे पुस्तिका धडधडीत खोटी आहे. त्याच खात्याचा कॅप्टन खाजगीत दुसराच इतिहास सांगतो. एक खोटा ठरला म्हणून दुसरा आपोआप खरा होतो का?

नोंदवही

वा तिरकस. मुस्तफा माँडची तिजोरी मी विसरलेच होते.

बीटीबद्दल तर आणखी म्हणता येईल. तो बोलतो ते सगळं पुस्तकांतल्या वाक्यांनी भरलेलं. कादंबरीत त्याच्याइतकं वाचलेला माणूस दुसरा क्वचितच असेल.

कट्टेकरी

तिरकस, मुद्दा जोरदार आहे. पण तुम्ही फेबरला विसरलात.

फेबर म्हणजे निवृत्त इंग्रजीचा प्राध्यापक, माँटॅग ज्याच्याकडे मदत मागायला जातो तो. तो साहेब नाही, घाबरून घरात दडून बसलेला म्हातारा आहे. तोही हेच सांगतो: लोकांनी वाचणं आपणहून सोडलं, तुमचे बंब म्हणजे अधूनमधून होणारा तमाशा, गर्दी जमवायला. असं सांगण्यात फेबरचा काय फायदा? हा काही सरकारचा माणूस नव्हे.

तिरकस

फेबर आठवतो की. आणि तोच माझ्या बाजूचा साक्षीदार आहे.

त्याचं बोलणं पुन्हा काढून बघा. तो स्वतःबद्दल बोलतो. सगळं कुठे चाललंय हे मला फार पूर्वी दिसत होतं, तेव्हा बोललो असतो तर कुणी ऐकलंही असतं, पण मी गप्प बसलो, म्हणून मीही दोषी, असं. बीटीच्या भाषणात 'मी' कुठेच नाही. तिथे लोक, गर्दी, कुत्रीवाले, मांजरवाले. घटना त्याच, पण एक कबुली देतोय आणि दुसरा आरोप ठेवतोय. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये दोघांना एकाच पोत्यात घातलंय.

मुग्धा_ठाणे

मघापासून सगळे पुरुष मिळून मिल्ड्रेडबद्दल बोलताहेत. तिच्या बाजूने कुणी बोलणार आहे का?

पुस्तकात ती पहिल्यांदा दिसते ती झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी करून पडलेली. नवरा फोन करतो. येतात कोण? डॉक्टर नव्हे, मशीन घेऊन आलेले दोन कामगार, तोंडात सिगरेट. एक मशीन पोटातलं उपसतं, दुसरं रक्त बदलतं. ते म्हणतात, असल्या केसेस रोज रात्री नऊ-दहा असतात, म्हणून तर ही खास यंत्रं बनवली, डॉक्टर कशाला हवा? आणि पुढच्या कॉलला निघूनही जातात. सकाळी तिला काही आठवत नाही, भूक मात्र लागलेली असते.

माझ्या मते तंत्रज्ञानाबद्दल ब्रॅडबरीने लिहिलेलं सगळ्यात धारदार पान हे आहे, भिंतींचं नाही. जीव द्यावासा वाटणं हे गटार तुंबल्यासारखं झालंय, माणसं येतात आणि मोकळं करून जातात. का, असं विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. माँटॅगही फारसं विचारत नाही. मग तो सगळ्या पुस्तकभर आपल्या आत्म्याच्या शोधात हिंडतो आणि ही बिचारी भिंतींसमोर बसली म्हणून मठ्ठ. ती नवऱ्याची चुगली करते हे मान्य. पण ज्या घरात तीन भिंतींशिवाय तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं, त्या घरात चौथी मागितली यात एवढं काय?

ॲटवूडच्या 'हँडमेड्स टेल'मध्ये (१९८५) हे उलट बाजूने दिसतं. तिथे बायकांना वाचायलाच बंदी आहे, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंसुद्धा काढून चित्रं लावलेली. आणि सुरुवात कशाने होते? पैसा आधीच सगळा संगणकावर गेलेला असतो, त्यामुळे एका दिवसात बायकांची सगळी खाती गोठवता येतात. नोटा असत्या तर इतकं सोपं नव्हतं, असं निवेदिकाच म्हणते. कट्टेकरी, तुमच्या 'आधी सोय, मग पोलीस' या क्रमाला हे उदाहरण मिल्ड्रेडपेक्षा बरं आहे. त्यात बाईला मूर्ख ठरवावं लागत नाही.

सायली_के

+१. मुग्धाताई, त्या दोन कामगारांचं पान मी अक्षरशः दोनदा वाचलं होतं.

आणि ॲटवूडवरून आठवलं, २०२२ मध्ये तिच्या या पुस्तकाची न जळणारी प्रत काढली होती. म्हातारी आगीचा झोत सोडणारं यंत्र हातात धरून ती प्रत जाळायचा प्रयत्न करतेय असा व्हिडिओही आहे. लिलावात १ लाख ३० हजार डॉलर आले, ते लेखकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या पेन अमेरिकेला दिले. 'फॅरनहाइट ४५१'च्या तर १९५३ सालीच न जळणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या बांधणीतल्या दोनशे प्रती निघाल्या होत्या. वाचकांना कर्करोग झाला तरी चालेल, पुस्तक वाचलं पाहिजे!

शिरोळचा_पाव्हणा

मंडळी, तुम्ही सगळे अमेरिका-रशिया फिरून आलात, आता जरा आमच्या शिरोळला या.

'१९८४'वाला जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ बीबीसीत होता हे बहुतेकांना माहीत असेल. तिथे तो हिंदुस्थानसाठीच्या विभागात कार्यक्रम करायचा. युद्धाच्या बातम्यांवरची साप्ताहिक वार्तापत्रं लिहायचा आणि त्यांची भाषांतरं आपल्या भाषांत प्रसारित व्हायची, त्यात मराठीही होती. त्याच्यासोबत काम करणाऱ्या एक बाई होत्या वेणू चितळे. जन्म १९१२ चा, शिरोळचा, कोल्हापूरजवळ. कवितांच्या 'व्हॉइस' कार्यक्रमाचा १९४२ सालचा एक प्रसिद्ध फोटो आहे, त्यात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल यांच्यासोबत या आमच्या वेणूताई आहेत. पुढे त्यांनी 'इन ट्रान्झिट' नावाची इंग्रजी कादंबरीही लिहिली, १९५० साली मुंबईत छापली गेली.

धाग्याशी संबंध असा: त्या खात्यात प्रत्येक संहिता आधी तपासली जायची, एकदा धोरणासाठी आणि एकदा सुरक्षेसाठी. शिक्के बसल्याशिवाय माइकसमोर जायचं नाही. ऑर्वेलची बायको आयलीन हिनेही युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारच्या सेन्सॉर खात्यात नोकरी केली होती. म्हणजे '१९८४'मधलं सत्य मंत्रालय, जुने पेपर दुरुस्त करणारी ती कारकुनी, हे काही त्याने फक्त मॉस्कोकडे बघून रचलेलं नाही. लोकशाही देशाच्या, चांगल्या बाजूने लढणाऱ्या सरकारच्या कचेरीत बसून त्याने ते जवळून बघितलं. आणि टेबलापलीकडे मराठी बोलणारी माणसं होती. मला तरी याचं फार अप्रूप वाटतं.

झेंडू_बाम

पाव्हणं, हे भारी काढलंत. वेणू चितळे हे नाव पहिल्यांदाच ऐकतोय. शाळेत कुणी सांगितलं नाही.

ऑर्वेलचा जन्म बिहारातल्या मोतिहारीचा, २५ जून १९०३. तारीख बघा. बरोबर बहात्तर वर्षांनी त्याच तारखेच्या रात्री आणीबाणीच्या कागदावर सही झाली.

बिट_बाइट

तंत्रज्ञानाबद्दल कुणी नीट बोलत नाहीये म्हणून मी घुसतो. पोट त्याच्यावरच चालतं माझं.

'१९८४'मधला टेलिस्क्रीन, म्हणजे माणसांवर नजर ठेवणारा पडदा, सगळ्यांना आठवतो. पण विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया कुठे काम करते आठवतंय का? कथा-कादंबऱ्या तयार करणाऱ्या यंत्रांवर. ती मेकॅनिक आहे, त्या यंत्राची विजेची मोटर चालवते आणि दुरुस्त करते. पुस्तक म्हणजे मुरांबा किंवा बुटाच्या नाड्या असाव्यात तसा एक माल. गाण्यांसाठी वेगळं यंत्र आहे, त्यातून माणसाचा हात न लागता गाणी निघतात. हे सगळं गरीब वस्तीसाठी. तिथे टेलिस्क्रीनही फारसे नाहीत, कारण त्यांच्यावर नजर ठेवायची पक्षाला गरज वाटत नाही. त्यांना गाणी दिली की पुरे. आमच्या ऑफिसात गेल्या वर्षभरात जे काय चाललंय ते बघता मला टेलिस्क्रीनपेक्षा हे पान जास्त ओळखीचं वाटतं. विस्ताराने लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे.

गंमत म्हणजे ते यंत्राचं भिकार गाणं कपडे वाळत घालणारी एक धिप्पाड बाई इतकं मन लावून गाते की विन्स्टन ऐकत राहतो. ऑर्वेलने हे का घातलं असावं यावर कुणी लिहा.

दुसरं, जुलै २००९. ॲमेझॉनने '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' लोकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रातून, दुरून पुसून टाकली. कारण अगदीच सरळ होतं, ज्याने ती विकायला ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसेही परत दिले. पुढे कंपनीचा प्रमुख जेफ बेझोसने जाहीर माफी मागितली. एका शाळकरी मुलाच्या टिपणांना काही अर्थच उरला नाही, कारण ती ज्या पानांवर होती ती पानंच गेली. तो कोर्टात गेला. लोक विनोदावर अडकले: बघा, नेमकं '१९८४'च! मला त्यात भीतिदायक वाटतं ते वेगळं. हेतू शुद्ध होता. कायदा पाळायला गेले आणि तेवढ्यात कळलं की लोकांच्या कपाटात हात घालता येतो. झामियातिनच्या काळात घराघरात माणूस पाठवायला लागला असता.

कट्टेकरी

बिट_बाइट, याच संदर्भात ई. एम. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' वाचा, १९०९ ची दीर्घकथा. माणसं जमिनीखाली, प्रत्येकजण आपापल्या षटकोनी खोलीत. बटण दाबलं की जेवण, बटण दाबलं की आंघोळ, बटण दाबलं की मित्र. वाश्ती नावाची आई आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा तिचा मुलगा कुनो. त्याला आईला समोरासमोर भेटायचंय, तिला ते विचित्र वाटतं. पडद्यासारख्या तबकडीवर दिसतोस की! त्यात कुणी हुकूमशहा नाही. नावालासुद्धा नाही. एक समिती आहे, पण यंत्र सगळं मिळून कसं चालतं हे तिथेही कुणाला माहीत नाही. संगीतात खरखर येते, लोक तक्रार करतात, मग खरखरीची सवय होते. फळांना कुबट वास येतो, त्याचीही होते.

तिरकस, इथे खुलासा करणारा साहेबच नाही. या कथेबद्दल तुमचं काय म्हणणं?

शिरोळचा_पाव्हणा

फॉर्स्टर म्हणजे तोच ना, १९२१ मध्ये देवास संस्थानात महाराजांचा खाजगी सचिव होता? थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार. शाहू महाराजांचे जावई! बघा, पुन्हा कोल्हापूर.

सायली_के

पाव्हणं, आता झामियातिनची मावशी इचलकरंजीची निघू नये म्हणजे मिळवलं :)

नंदिनी_सिंगापूर

सगळी चर्चा वाचली. एक पुस्तक सुचवते, चॅन कूनचुंगचं 'द फॅट इयर्स'. २००९ मध्ये हाँगकाँगला आलं, चीनमध्ये छापलं गेलं नाही. गोष्ट घडते तेव्हाच्या नजीकच्या भविष्यात, २०१३ साली. चीन भरभराटीला आलाय, सगळे खूश. फक्त दोन-चार लोकांना आठवतं की मधला एक अख्खा महिना गायब आहे. त्या महिन्यात काहीतरी भयंकर घडलं होतं, पण पेपरात नाही, कुणाच्या बोलण्यात नाही. ते लोक एका बड्या अधिकाऱ्याला पळवून आणतात आणि त्याच्याकडून वदवून घेतात. तो कबूल करतो की पाण्यात मन प्रसन्न ठेवणारं औषध मिसळतो. पण विसरण्याचं? ते आम्ही केलं नाही, म्हणतो. लोक आपणच विसरले, आम्हालाही नवल वाटलं.

तिरकस, हाही साहेबच आहे, तुमच्या यादीत घाला. पण इथे तो खुर्चीत आहे आणि बांधलेला तोच आहे.

मी इथे अनेक वर्षं चिनी सहकाऱ्यांबरोबर काम करते. काही विषय जेवताना निघत नाहीत. कुणी कुणाला गप्प करत नाही. विषय निघतच नाहीत. पुस्तक वाचल्यावर ते जास्त जाणवायला लागलं. तसं तर आमच्या इमारतीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही काही विषय निघत नाहीत, तिथे कुठल्या पक्षाचं राज्य आहे?

मुग्धा_ठाणे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून एकाने प्रश्न विचारला, तर पाच जणांनी त्याला वेगवेगळं फोन करून सांगितलं की तुझं बरोबर आहे. ग्रुपवर मात्र सगळ्यांचे हात जोडलेले.

तिरकस

नंदिनी, हे उदाहरण मला अवघड जाणार. बांधलेला साहेब खोटं कशाला बोलेल? पण बोलूही शकतो. 'आम्ही केलं नाही' हे म्हणणं पकडलेल्या माणसालाही फायद्याचंच असतं. पुस्तक वाचल्याशिवाय अधिक बोलत नाही, मागवतो.

'मशीन स्टॉप्स'बद्दल: साहेब नाही खरा, पण बोलणारा आहेच. तिथे एक व्याख्याता सगळ्यांना बजावतो की स्वतः बघून-अनुभवून झालेले विचार टाळा, दहा जणांच्या हातून गाळून आलेले घ्या. श्रोते खूश होतात. या पात्राला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या दृष्टीने तो बीटीचा आजोबा आहे.

आणि ब्रॅडबरीचं म्हणणं प्रमाण मानणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. १९५६ च्या रेडिओ मुलाखतीत त्याने सांगितलं की देशात लोक आपल्याच सावलीला घाबरत होते, कपाटांतून पुस्तकं काढली जात होती, त्या काळजीतून हे लिहिलं. म्हणजे कम्युनिस्ट शोधत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थीच्या काळातलं अमेरिकन सरकार आणि त्याचं भय. २००७ मध्ये म्हातारपणी तोच म्हणाला की हे सरकारी सेन्सॉरबद्दल नाहीच, टीव्हीने वाचन मारलं त्याबद्दल आहे. लेखकाचं एकमत नाही, तिथे आपलं कुठून होणार.

नोंदवही

१९६७ ची कापाकापी आणि १९७९ चा शोध या दोन मुलाखतींच्या मधे येतो, हेही ध्यानात घ्या. प्रकाशकाकडूनच असा फटका बसल्यावर माणूस सरकारपेक्षा इतरांवर चिडला तर नवल नाही.

कट्टेकरी

हे डोक्यात आलं नव्हतं, नोंदवही. बीटीचं भाषण मात्र १९५३ चंच आहे, फटका बसायच्या आधीचं.

धागा लांबलाय, तरी पुढच्या महिन्यासाठी ठरवू या. 'मशीन स्टॉप्स' एका बैठकीत होते आणि नेटवर मोफत मिळते, ती सगळ्यांनी वाचून या. नंदिनीताई, 'फॅट इयर्स'वर तुम्ही वेगळा धागा काढा. तिरकस, तुम्ही त्या व्याख्यात्यावर लिहा. बिट_बाइटच्या कपडे वाळत घालणाऱ्या बाईवर मला लिहायचंय, कुणी आधी घुसू नका.

शिरोळचा_पाव्हणा

'इन ट्रान्झिट' कुणाच्या घरी किंवा जुन्या ग्रंथालयात असेल तर सांगा. कोल्हापुरात शोधून झालं. पुण्या-मुंबईकडच्यांनी जरा कपाटं हलवा.